साच्यातला ताल

सुरुवात चार प्रश्नांनी झाली. प्लगिनचं नाव काय, करणार कोण, कशासाठी, भाषा कोणती. गिरिजा शेटेने चारही उत्तरं टाइप केली, एंटर दाबलं आणि पापणी लवायच्या आत तिच्या स्क्रीनवर अख्खा प्रकल्प उभा राहिला. फोल्डर, फायली, परवान्याचा मजकूर, चाचण्या, सगळं जागच्या जागी. नमुन्यादाखल एक आज्ञासुद्धा होती. ती दाबली की कोपऱ्यात 'नमस्कार!' उमटायचं. तयार साचा वापरायचा फायदाच तो. चूल मांडलेली, लाकडं रचलेली, आपण फक्त भांडं चढवायचं.

भांडं होतं तिच्या दादाचं. मल्लिकार्जुन शेटे कराडच्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर दस्त लिहायचा. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड. मधल्या काळात यंत्रांनी लिहिलेले खोटे दस्त इतके सुटले होते, की सरकारने नियमच केला: दस्त परवानाधारक माणसाने स्वतःच्या बोटांनी टाइप करायचा. त्यामुळे दादाचा धंदा वाचला, पण बोटांचे हाल सुरू झाले.

"गिरिजे, पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस करून बोटं झिजली माझी," तो एकदा जेवताना म्हणाला. "तू एवढी पुण्यात बारा वर्षं कॉम्प्युटरपुढं बसलीस. भावासाठी काहीतरी कर की!"

एक्केचाळिसाव्या वर्षी पुण्यातली नोकरी सोडून गिरिजा कराडला परतली होती. भावाच्या घराच्या माडीवर राहून बाहेरगावची कामं करायची. तिने मनावर घेतलं. दादा ज्या साध्या एडिटरमध्ये लिहायचा, त्याला जोडायचा हा छोटा प्रोग्रॅम: 'चसी' लिहिलं की चतुःसीमेचं अख्खं कोष्टक पुढ्यात, गट नंबरात आकडा चुकला की खाली लाल रेघ. नाव ठेवलं 'दस्तसखा'.

साच्यात 'ताल' नावाचा एक फोल्डर होता. तिने उघडून पाहिला. लिहिणाऱ्याचा वेग मोजायचा, तो थबकला की मगच सूचना दाखवायची, एवढंच त्याचं काम. आपल्या चिमुकल्या प्लगिनला हे कशाला, म्हणून तिने तो पुसला आणि चाचण्या चालवल्या. चौदा लाल ओळी. परत आणला. चौदाही हिरव्या. सेटिंगमध्ये एक ओळ होती: 'सुधारणेसाठी तालाची निनावी नोंद पाठवली जाईल.' तिच्यापुढे खूण आधीच केलेली होती.

"असू दे," ती स्वतःशी म्हणाली. साच्यात आलेलं कुणी काढत नाही. मोडलं तर कोण निस्तरणार?

*

दोन वर्षांत दस्तसखा चिपळूणपासून चंद्रपूरपर्यंत पोचला. अकरा हजार दस्तलेखक तो वापरू लागले. गिरिजाला त्यातून मिळत काही नव्हतं, पण कुठल्या तरी तालुक्याहून "मॅडम, तुमच्यामुळं मान दुखायची थांबली" असा निरोप आला की दिवस बरा जायचा.

मग एका सकाळी साचा बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. 'अभिनंदन. आपल्या वापरकर्त्यांचा आरोग्यवेध आता आपल्यासाठी खुला झाला आहे.'

तिने दुवा उघडला. अकरा हजार ओळींची यादी. प्रत्येक ओळीत यंत्राचा क्रमांक, त्यापुढे शून्य ते शंभरमधला एक अंक. साठच्या वरचे अंक गडद केशरी. माथ्यावर शीर्षक: 'कंपवाताची संभाव्यता, पुढील आठ वर्षे.'

तिने ते दोनदा वाचलं. मग तिने सोबतचं टिपण उघडलं. ते सोपं लिहिलेलं होतं, आणि म्हणूनच जास्त भीतिदायक.

आपण कळ दाबतो तेव्हा बोट तिच्यावर सेकंदाच्या दहाव्या भागाएवढं टेकून असतं. निरोगी माणसाची ही टेक जवळजवळ सारखी असते. मेंदूच्या तळाशी काही पेशी एक रसायन बनवतात आणि त्याच्या जोरावर हालचाल सुरू होते, थांबते. कंपवातात या पेशी मरत जातात. हात थरथरायला लागेपर्यंत निम्म्याहून जास्त गेलेल्या असतात, पण त्याच्या कितीतरी वर्षं आधी टेक उगाच लांबू-आखडू लागते. फरक सेकंदाच्या हजाराव्या भागांचा. माणसाला तो कळत नाही, घरच्यांना कळत नाही. लाखो कळा मोजणाऱ्या यंत्राला कळतो.

शेवटची ओळ बारीक होती. 'ही माहिती विमा व सेवाभरती क्षेत्रातील मान्यताप्राप्त भागीदारांना उपलब्ध आहे.'

यादी निनावी होती. पण क्रमांक एक कुणाचा, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पहिलं यंत्र तिनेच स्वतःच्या हाताने जोडलं होतं. क्रमांक एकपुढे अंक होता चौसष्ट.

अण्णा, म्हणजे दोघा भावंडांचे वडील, कंपवातानेच गेले होते. तेही दस्तलेखक. मोत्यासारखं अक्षर म्हणून नाव होतं त्यांचं. शेवटी शेवटी ते अक्षर मुंगीएवढं झालं, मग रेघ झालं. दादाने सहा वर्षं त्यांना भरवलं होतं.

*

दुपारी दादा जेवायला आला. गिरिजा त्याच्या हाताकडे पाहत होती. भाकरी मोडणारा हात, आमटीत बुडणारा, तोंडाशी जाणारा.

"काय बघतीस गं? ताटात काय पडलंय का?"

"नाही, कुठं काय."

"अहो, त्या सकाळपासून अशाच आहेत," शैलावहिनी म्हणाल्या. "गिरिजाताई, बरं नाही का तुम्हाला?"

"डोकं दुखतंय जरा." खोटं बोलताना तिने ताटाकडे पाहिलं.

सांगावं? सांगून करायचं काय? हा आजार थांबवणारं औषध नव्हतंच. आणि न सांगावं तर तिच्या आधी दुसऱ्या कुणाकडे तो अंक असणारच होता.

तो कुणाकडे असतो, ते चौथ्या दिवशी कळलं. विट्याहून फोन आला. "मी रुक्साना मुजावर. दस्तलेखक आहे. मॅडम, तुमचं दस्तसखा वापरते मी."

"बोला ना."

"माझा आजारपणाचा विमा बंद केला हो. कारण लिहिलंय 'लेखनताल असमाधानकारक'. एजंटला विचारलं तर म्हणतो, तुम्हाला कंपवात होणार आहे. मी छत्तीस वर्षांची आहे, मॅडम. लेखनताल म्हंजे काय? मी तर कधी तपासायला गेलेच नाही कुठं."

गिरिजाने यादी पुढ्यात उघडली.

"आणि पत्र आल्यापासून," रुक्साना हळू आवाजात म्हणाली, "बोटं माझी वाटतच नाहीत. कळ दाबायची म्हटलं की आधी बोटाकडं बघते. हे सुरू झालं असंल का हो?"

गिरिजाने तिच्या यंत्राचा क्रमांक विचारून घेतला. यादीतल्या ओळीवर टिचकी मारली की मागचा आलेख उघडायचा. रुक्सानाचा अंक दोन वर्षं एकसष्ट-बासष्टच्या आसपास होता. मग एका मंगळवारी तो उसळला. अठ्ठ्याहत्तर, शहाऐंशी, नव्वद.

"पत्र कधी आलं तुम्हाला?"

"सोमवारी संध्याकाळी."

*

त्या फोननंतर गिरिजा आलेखांमागे लागली. तिने वापरकर्त्यांच्या गटात विचारलं: लेखनतालाचं पत्र आलेले कुणी आहेत का? रुक्साना धरून एकोणीस जणांनी कळवलं. सांगोला, अचलपूर, मालवण, कुठकुठले. तिने एकोणीस आलेख शेजारीशेजारी मांडले. एकोणिसांचाही अंक पत्रानंतर दोन-चार दिवसांत वर गेलेला. मग तिने पूर्वी तेवढाच अंक असलेले, पण पत्र न आलेले एकोणीस निवडले. त्यांच्या रेघा दोन वर्षं संथ, सपाट.

आजार मंगळवार बघून येत नाही. रोज न पाहता उतरणारा जिना एखाद्या दिवशी पायऱ्या मोजत उतरावा आणि नेमका तेव्हाच पाय अडखळावा, तसं बोटांचं झालं होतं. बोटांकडे लक्ष गेलं की टेक बिघडते. यंत्र ती मोजतं आणि आजार म्हणून लिहितं. अंक वाढतो. माणूस आणखी भितो. आणि कंपनीच्या कागदावर तिचा अंदाज आणखी पक्का होतो.

तिचंही यंत्र यादीत होतं, क्रमांक तीन. कंपनीचं पत्र आलं त्या दिवशी तिचा अंक एकतीस होता. पाच आठवड्यांनी तिने पाहिला. सहासष्ट.

आपणच पुरावा आहोत, असं तिने स्वतःला बजावलं. आपल्याला काही झालेलं नाही, आपण फक्त घाबरलोय. तरी दोन्ही तळवे मांडीवर पालथे ठेवून ती बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली, जणू ते चावतील.

दुसऱ्या दिवसापासून तिने प्लगिन पुन्हा लिहायला घेतला. या वेळी चार प्रश्न नाहीत, साचा नाही. कोरी फाइल. ताल काढून साचा चालत नव्हता. त्याच्या मुळ्या चौदा ठिकाणी गेल्या होत्या. म्हणून एकेक ओळ हाताने. अकरा दिवस लागले. लिहिताना बोटं अडखळत आणि दर अडखळण्याला काळजात लक्क होत असे.

ताल काढत असल्याचं तिने गटात कळवलं, तसा कंपनीच्या प्रतिनिधीचा फोन आला. आवाज फार गोड. "मॅडम, ताल काढलात तर आमच्या भांडारात दस्तसखा ठेवता येणार नाही. आणि एक विचार करा. हजारो लोकांना आठ वर्षं आधी इशारा मिळतोय. तो तुम्ही काढून घेताय."

"इशारा त्यांना कुठं मिळतोय? विमावाल्यांना मिळतोय."

"ते धोरण बदलू शकतं, मॅडम. आजार बदलत नाही."

फोन ठेवल्यावर तिला जाणवलं, की माणूस अगदीच खोटं बोलत नव्हता.

*

नवा प्लगिन बसवायला ती दादाच्या टपरीवर गेली तेव्हा सांगणं भाग पडलं. पक्षकार नव्हते. दादा चहा पीत होता. तिने सगळं सांगितलं, अण्णांच्या आजाराचं नाव न घेता. पण दादाला ते ऐकू आलंच.

"म्हणजे दोन वर्षं हे माझी बोटं मोजत होतं?"

"साच्यात होतं ते, दादा. तयारच आलेलं."

"आणि साचा कुणी उचलला?"

दादाने पेला खाली ठेवला. "दस्तात एक ओळ चुकली तर 'मागच्या दस्तात तशीच होती' असं म्हणता येतं का मला? सही माझी असते." तो कधी तिच्यावर आवाज चढवत नसे. आताही चढवला नाही. "माझा आकडा काय?"

"नाही सांगणार. सांगितला की तो वाढतो. मी पाहिलंय."

"म्हणजे आहेच काहीतरी."

तिने घाईघाईने मान हलवली, पण उशीर झाला होता. दादाने उजवा हात पुढे धरला होता आणि त्याच्याकडे तो परक्या वस्तूकडे बघावं तसा बघत होता.

त्याच दिवशी तिने नवा प्लगिन सगळ्यांसाठी खुला केला. सोबत एक निवेदन लिहिलं. एकोणीस आलेख जोडले, नावं झाकून. विसावा स्वतःचा जोडला, नावासकट. त्याखाली लिहिलं: 'मला कोणताही आजार नाही. मला फक्त भीती वाटली, आणि यंत्राने तिला आजार म्हटलं.'

कंपनीने दोन दिवसांत दस्तसखा भांडारातून काढला. तोवर सात हजारांनी नवा उतरवून घेतला होता. ते निवेदन मात्र पसरलं. वर्तमानपत्रांनी नेमकं ते शेवटचं वाक्य उचललं. रुक्साना आणि इतर अठरा जणांनी पुण्याच्या विमा लवादाकडे तक्रार केली. सुनावणीची तारीख लागली. साक्षीदार: गिरिजा शेटे.

*

तारखेच्या आठ दिवस आधी वहिनींनी हट्टाने दोघा भावंडांना मिरजेला पाठवलं. "ह्यांना झोप लागत नाही. एकदाचं दाखवून या," एवढंच त्या म्हणाल्या.

मेंदूविकाराच्या डॉक्टर, फरांदेबाई, साठीच्या, शांत. त्यांनी दादाला चालायला लावलं, लिहायला लावलं, अंगठा आणि तर्जनी भराभर जुळवायला लावली. मग त्याची उजवी करंगळी धरून वाकवली.

"ही कधी मोडली होती?"

"लई वर्षं झाली. जीपच्या दारात सापडली होती."

"सांधा आखडलाय. म्हणून कळ उशिरा सुटते. यंत्राला उशीर कळतो हो, कारण कळत नाही." त्या हसल्या. "तुम्हाला आज काहीही नाही, शेटे."

दादाने डोळे मिटले. गिरिजाला रडू येईलसं वाटलं. इतका हलकेपणा तिला दोन-तीन महिन्यांत लाभला नव्हता.

"आलाच आहात तर तुम्हीही बसा," डॉक्टर तिला म्हणाल्या.

उजवा अंगठा, तर्जनी. टक, टक, टक. मग डावा. सुरुवात चांगली झाली. दहाव्या-बाराव्या वेळी अंतर कमी होऊ लागलं, विसाव्याला बोटं जेमतेम उघडत होती. त्यांनी तीनदा करून घेतलं. तीनदा तसंच.

"घाबरलेय मी, डॉक्टर. त्यानं होत असेल ना?"

"भीतीनं दोन्ही हात बिघडतात. तुमचा एकटा डावा बिघडतोय." त्यांनी एक कुपी तिच्या नाकाशी धरली. "कसला वास आहे?"

"कसलाच नाही."

पाठीमागे दादाचा श्वास अडकलेला तिने ऐकला. त्याला खुर्चीतून वास येत होता. लवंगेचा. अण्णांचाही वास असाच सगळ्यात आधी गेला होता.

"खात्रीसाठी मेंदूचं चित्र काढू," डॉक्टर म्हणाल्या. त्या काही लपवणाऱ्यातल्या नव्हत्या. चार दिवसांनी चित्र बघायला दोघं पुन्हा मिरजेला गेली आणि त्यात शंकेला जागा उरली नाही.

कराडला परतल्यावर गाडी दाराशी लावून दादा म्हणाला, "चार दिवसांनी पुण्यात काय सांगणार?"

"निवेदनातलं ते वाक्य खोटं निघालं, दादा."

"तू लिहिलंस तेव्हा खोटं नव्हतं. गप्प बस. तुला कुणी विचारणार नाही. तू बोललीस तर ते म्हणतील, बघा, यंत्र खरं होतं. एकोणीस घरं बुडतील तुझ्या एका खरेपणानं." त्याने किल्ली काढून मुठीत धरली. "आणि एकदा तिथं नोंद झाली की तुला कुणी काम देणार नाही. अण्णांचं मी केलं. तुझंही करीन. पण जगाला कशाला सांगायचं?"

तिने माडीवर जाऊन दार लावून घेतलं.

*

लवादाच्या दालनात पंखे गरगरत होते. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश बाई होत्या. कंपनीच्या वकिलाने तिच्या निवेदनाची प्रत पुढे केली. "हे आपलंच?"

"हो." गिरिजा उभी राहिली. डावा हात तिने पदराखाली लपवला नाही. "पण यातलं शेवटचं वाक्य चुकीचं आहे. मला आजार आहे. चार दिवसांपूर्वी कळलं. यंत्राने माझ्या बाबतीत बरोबर सांगितलं."

मागे कुजबुज झाली. वकिलाच्या हातातला कागद तसाच राहिला. बहुधा त्याच्या पुढच्या दहा प्रश्नांची गरज संपली होती.

"मग तुमच्या म्हणण्यात उरलं काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझ्या भावाचा अंक मूळचा माझ्या दुप्पट होता. त्याची फक्त करंगळी आखडली आहे. पत्र आल्यावर एकोणीस जणांचा अंक उसळला. त्यांच्यात आजारी कोण आणि घाबरलेलं कोण, मला सांगता येत नाही. यंत्रालाही नाही. माझ्यात ते डॉक्टरांनी वेगळं काढलं, बोटं हातात धरून." तिने वकिलाच्या हातातल्या निवेदनाकडे बोट केलं. "मी हे लपवलं असतं तर बाकीचंही खोटं ठरलं असतं. म्हणून सांगितलं."

निकाल तीन आठवड्यांनी लागला. डॉक्टरांच्या तपासणीशिवाय, निव्वळ लेखनतालावरून कुणाचाही विमा नाकारता येणार नाही. एकोणिसांचेही विमे पूर्ववत करावेत. ताल मोजण्यावर मात्र लवादाने बंदी घातली नाही. तो आपला विषय नाही, असं म्हटलं. कंपनीने साच्यातली ती ओळ थोडी मोठ्या अक्षरांत छापली आणि तिच्यापुढची खूण आधीसारखीच राहू दिली. गिरिजाची दोन कामं गेली, एक राहिलं. औषधं सुरू झाली. दादा रोज संध्याकाळी तिच्या डाव्या हाताला व्यायाम द्यायला माडीवर येऊ लागला.

निकालानंतर रुक्साना मुजावर पेढे घेऊन कराडला आली. वहिनींनी बळेच जेवू घातलं. निघताना गिरिजा तिला स्टँडपर्यंत सोडायला गेली. विट्याची गाडी लागलेली होती, पण रुक्साना चढेना.

"मॅडम, एक विचारू? तुम्ही आधी म्हणायचा, ही नुसती भीती आहे. मी त्यावर विसंबून झोपायचे. माझ्या पोरींना तेच सांगितलं." तिने पर्स छातीशी घट्ट धरली. "मग पुण्यात तुम्ही खरं बोललात. विमा मिळाला. पण आता माझं काय समजू? माझं खरं, का भीती?"

गिरिजाला तिला हवं ते उत्तर माहीत होतं. एका शब्दाचं होतं.

"मला माहीत नाही, रुक्साना," ती म्हणाली. "मिरजेला डॉक्टर आहेत. मी येते बरोबर."

कंडक्टरने घंटी ओढली. रुक्साना पायरीवर चढली, दांडी धरली आणि मान हलवली.

"नको," ती म्हणाली. "अजून थोडे दिवस नको."